दक्षिण आफ्रिकेतील परवान्याचे कायदे व हिंदी लोकांचा लढा

परदेशातील नोकरी म्हटली की आज आपल्या डोळ्यांपुढे आखाती देश उभे राहतात. परंतु कोकणातील मुसलमानांचे परदेशी जाणे आजचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून, तसेच जंजिरा संस्थानातून कितीतरी तरुण बोटीने दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेले. कोणी दुकानात हाताखाली राहिले, कोणी मजुरी केली, कोणी पुढे स्वतःचे दुकान थाटले. कोकणी मुसलमान या नावाने ओळखला जाणारा समाज आजही तेथे नांदत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील इब्राहिमपट्टण येथे जन्मलेले सूफी गुलाम मुहम्मद हबीबी हे १८९५ साली दरबानला गेले. त्यांनी तेथे व पुढे केपटाऊनलाही मशिदी उभारल्या.

ही माणसे तेथे गेली, कमावती झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तेथे राहण्याचा हक्क त्यांना कोणत्या कायद्याने मिळाला, तो हिरावून घेण्याचे प्रयत्न कसे झाले व तो राखण्यासाठी कोणी काय सोसले, हा इतिहास मात्र आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही. पालकांनी व विद्यार्थ्यांनी तो जाणून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गिरमिटिये व व्यापारी

१६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचे जहाज मद्रासहून निघालेल्या मजुरांना घेऊन नाताळ वसाहतीच्या दरबान बंदरात पोहोचले. उसाच्या मळ्यांसाठी गोऱ्या मळेवाल्यांना हे मजूर हवे होते. पाच वर्षांचा करार, पहिल्या वर्षी दरमहा दहा शिलिंग मजुरी, असा हा सौदा होता. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले व करारावर गेलेला मजूर ‘गिरमिटिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. १९११ पर्यंत दीड लाखांहून अधिक हिंदी मजूर अशा रीतीने नाताळात गेले.

त्यांच्या मागोमाग गुजरातेतील मेमन, सुरती व इतर व्यापारी स्वखर्चाने तिकीट काढून गेले. पोरबंदरचे शेठ दादा अब्दुल्ला हे त्यांतील एक मोठे नाव. मजूर राबतो तोवर गोऱ्यांची तक्रार नव्हती. पण करार संपवून तो भाजीपाला पिकवू लागला आणि व्यापारी स्वस्तात माल विकू लागला, तेव्हा हाच माणूस नकोसा झाला. १८९५ साली करार संपलेल्या मजुरावर सालिना तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. ज्याला सुरुवातीला महिना दहा शिलिंग मिळत, त्याला हे सहा महिन्यांचे वेतन होय! हेतू उघड होता. माणसाने पुन्हा गिरमिट करावे, नाही तर देश सोडावा.

याच दादा अब्दुल्लांच्या एका दाव्यासाठी १८९३ साली तरुण बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेत आले. दावा पंचांमार्फत मिटला. परत निघण्याच्या सुमारास हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक नाताळच्या विधिमंडळापुढे असल्याचे त्यांच्या वाचनात आले. व्यापाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती. त्यांच्याच आग्रहावरून गांधीजी थांबले. दोन आठवड्यांत दहा हजार सह्यांचा अर्ज तयार करून तो विलायतेला वसाहतमंत्री लॉर्ड रिपन यांच्याकडे धाडण्यात आला आणि २२ ऑगस्ट १८९४ रोजी नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष शेठ अब्दुल्ला हाजी आदम हे होते. तेव्हा या चळवळीचे पहिले पाऊल वाचनाचे होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

नाव न घेता दार बंद

डिसेंबर १८९६ मध्ये ‘कूरलँड’ व ‘नादेरी’ ही दोन जहाजे सुमारे आठशे प्रवाशांसह दरबानला लागली. मुंबईच्या प्लेगचे निमित्त करून त्यांना २३ दिवसांहून अधिक काळ बंदराबाहेर अडकवून ठेवण्यात आले व उतरल्यावर गांधीजींवर जमावाने हल्ला केला. त्यानंतर लगेच, १८९७ साली नाताळने प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला.

या कायद्यात ‘हिंदी’ हा शब्द कोठेही नव्हता. ब्रिटिश बादशाहीच्या प्रजाजनांत उघड वर्णभेद करणारा कायदा लंडनचे सरकार मंजूर करणार नाही, हे नाताळचे गोरे जाणून होते. म्हणून त्यांनी युक्ती काढली. येणाऱ्याने युरोपातील एखाद्या भाषेत अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दाखवावा, नाही तर परत जावे. गुजराती, उर्दू, तमिळ, मराठी कितीही उत्तम येत असली तरी तो कायद्याच्या दृष्टीने निरक्षर! वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी १८९७ च्या परिषदेत हीच पद्धत इतर वसाहतींपुढे ठेवली. १९०१ साली ऑस्ट्रेलियाने त्याच नमुन्यावर पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा आणली.

केप वसाहतीनेही १९०२ मध्ये असाच कायदा केला. तेथे एक बोधप्रद गोष्ट घडली. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांची भाषा यिडिश. ती हिब्रू लिपीत लिहितात, म्हणून ती युरोपीय नाही असे अधिकारी म्हणू लागले. ज्यू समाजातील वकील व पुढारी यांनी नेटाने पाठपुरावा केला आणि १९०६ च्या कायद्यात यिडिशला युरोपीय भाषा म्हणून मान्यता मिळाली. कायद्यातील एका शब्दाचा अर्थ बदलला की हजारो माणसांचे दार उघडते किंवा बंद होते, हे त्या समाजाने ओळखले होते.

केपमधील आपल्या लोकांवर या कायद्याचा फार बारीक परिणाम झाला. अगोदरपासून राहणाऱ्याला हाकलून देता येत नसे, पण तो मुलाबाळांना भेटायला गावी निघाला की त्याला मुदतीचा परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र व बोटांचे ठसे असत. मुदतीत परतला नाही तर वर्षानुवर्षांचा वास्तव्याचा हक्क जाई. पावसाळ्यात घर पडले, आई आजारी झाली, बहिणीचे लग्न लांबले, तरी कायद्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. एका कागदावरच्या तारखेवर घराची चूल अवलंबून असे.

ट्रान्सवालचा काळा कायदा

बोअर युद्ध १९०२ साली संपले. युद्धकाळात ट्रान्सवाल सोडून गेलेल्या हिंदी लोकांना परतण्यासाठी परवाने घ्यावे लागले व त्यासाठी आशियाई खाते निघाले. तेथे हक्काचा परवानाही दलालाचे हात ओले केल्यावाचून मिळेना. आजच्या पालकांनाही हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

२२ ऑगस्ट १९०६ च्या सरकारी गॅझेटात नव्या वटहुकुमाचा मसुदा प्रसिद्ध झाला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने, स्त्री असो वा पुरुष, नोंदणी करावी, दहाही बोटांचे ठसे द्यावेत, दाखला सतत जवळ बाळगावा व कोणाही शिपायाने मागताच दाखवावा, असे त्यात होते. न केल्यास दंड, तुरुंग किंवा हद्दपारी. दाखला तपासण्यासाठी शिपायाला घरात शिरण्याचीही मुभा होती. गांधीजींनी या मसुद्याचे कलमवार गुजराती भाषांतर ‘इंडियन ओपिनियन’ पत्रासाठी केले. इंग्रजी न जाणणाऱ्या दुकानदाराला व फेरीवाल्याला कायदा आपल्या भाषेत कळला तेव्हाच समाज जागा झाला.

११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली. अध्यक्ष शेठ अब्दुल गनी होते. हा कायदा मानणार नाही असा ठराव मांडला जात असता शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून शपथ घेण्याची सूचना केली. ठराव मोडणे निराळे आणि अल्लाच्या नावाने घेतलेली कसम मोडणे निराळे, हे तेथील प्रत्येक मुसलमानाला व हिंदूलाही कळत होते. सर्वांनी उभे राहून शपथ घेतली. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिला पुढे सत्याग्रह हे नाव मिळाले.

परंतु शपथेबरोबर सनदशीर मार्गही सोडला नाही. हाजी वजीर अली व गांधीजी यांचे शिष्टमंडळ विलायतेला गेले. तेथे दादाभाई नौरोजी, मुंबईचेच सर मंचरजी भावनगरी व सय्यद अमीर अली यांनी साथ दिली. वटहुकुमाला बादशहाची संमती मिळाली नाही. तथापि १ जानेवारी १९०७ पासून ट्रान्सवालला स्वतःचे सरकार मिळाले व त्याने मार्चमध्ये जवळपास तोच कायदा मंजूर केला. सुमारे १३ हजार हिंदी लोकांपैकी नोव्हेंबरअखेर नोंदणी केलेले जेमतेम पाचशे निघाले!

जानेवारी १९०८ मध्ये धरपकड झाली. महिनाअखेर जनरल स्मट्स व गांधीजी यांच्यात समेट झाला. हिंदी लोकांनी स्वखुशीने नोंदणी करावी व सरकारने कायदा रद्द करावा, असे ठरल्याचे गांधीजींचे म्हणणे होते. स्मट्स यांनी पुढे ते नाकारले. तोंडी आश्वासनाची किंमत समाजाला अशी मोजावी लागली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या लोखंडी कढईत दोन हजारांवर दाखले टाकून त्यांना आग लावण्यात आली. नोंदणीवरूनच रागावून गांधीजींवर हल्ला केलेला मीर आलम हा पठाणही त्या सभेत त्यांचा हात हाती घेऊन उभा होता.

ज्यांनी मोल दिले

या लढ्यात गांधीजींचे नाव जगाला ठाऊक आहे. पण इतर नावे आपल्या मुलांना सांगितली पाहिजेत.

शेठ अहमद मुहम्मद काछलिया हे कापडाचे व्यापारी. इंग्रजी बेताचे. ते ब्रिटिश इंडियन असोसिएशनचे अध्यक्ष झाले. गोऱ्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्यांची उधारी एकदम मागितली. चळवळ सोडा म्हणजे मुदत देतो, अशी अट घातली. काछलियांनी नकार दिला व दिवाळखोरी पत्करली. त्यांची मालमत्ता विकून धनकोंची पै न पै चुकती झाली. म्हणजे दुकान बुडीत नव्हतेच. बुडविले गेले होते.

हमीदिया मशिदीशी निगडित इमाम अब्दुल कादिर बावझीर यांच्याविषयी आपणांस विशेष जिव्हाळा वाटावा. वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीत मुअज्जिन होते व घराण्याचे मूळ अरबी असले तरी पूर्वज कोकणात स्थायिक झालेले. सुखवस्तू राहणीचे हे इमामसाहेब मुद्दाम विनापरवाना फेरी करून तुरुंगात गेले. पुढे ते साबरमती आश्रमात राहिले व १९३० मध्ये धारासण्याच्या मिठाच्या सत्याग्रहातही पुढे होते.

सोराबजी शापूरजी अडाजानिया हे पारशी गृहस्थ उत्तम इंग्रजी जाणत. जून १९०८ मध्ये ते कायद्याची कसोटी घेण्यासाठी मुद्दाम ट्रान्सवालमध्ये शिरले. भाषेच्या परीक्षेत ते सहज उतरले असते. पण नव्या हिंदी माणसाला नोंदणीचा हक्क नाही आणि नोंदणी नसेल तर राहण्याचा हक्क नाही, असा दोन कायद्यांचा पेच होता. त्यांना एक महिना सक्तमजुरी झाली आणि हा पेच साऱ्या जगापुढे आला. एकेका कायद्याकडे सुटे पाहून अन्याय दिसत नाही, दोन कायदे शेजारी ठेवले की दिसतो, हे त्यांच्या तुरुंगवासाने शिकविले.

निकाहाचा प्रश्न

१९१० साली चार वसाहतींचे मिळून दक्षिण आफ्रिका संघराज्य झाले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच वर्षी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात गिरमिटाविरुद्ध ठराव आणला. १९११ पासून नाताळला मजूर पाठविणे बंद झाले. १९१२ मध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले.

यानंतरचा घाव मात्र थेट घरावर पडला. हसन इसप हे पोर्ट एलिझाबेथचे रहिवासी हिंदुस्थानातून आपली पत्नी बाई मरियम हिला घेऊन आले. तिला उतरू देण्यात आले नाही. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांस मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह या देशाच्या कायद्याने विवाह नव्हे. एका वाक्यासरशी मुसलमान, हिंदू, पारशी अशा साऱ्यांच्या बायका कायद्याने बायका राहिल्या नाहीत. मुले औरस राहिली नाहीत. वारसाहक्क धोक्यात आला. मेहर बांधून, साक्षीदारांसमक्ष, काझीने पढविलेल्या निकाहाचा असा अवमान झाल्यावर घरातील स्त्रियाही गप्प बसल्या नाहीत.

सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांसह सोळा जणांची पहिली तुकडी विनापरवाना सीमा ओलांडून तुरुंगात गेली. दुसऱ्या तुकडीतील तमिळ स्त्रियांनी न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत जाऊन मजुरांना तीन पौंडांच्या कराविरुद्ध संप करायला सांगितले. ६ नोव्हेंबर रोजी २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले यांचा मोर्चा ट्रान्सवालच्या सीमेकडे निघाला. व्यापाऱ्याच्या परवान्याचा प्रश्न आणि मजुराच्या कराचा प्रश्न प्रथमच एकत्र आले. त्यापूर्वीच्या अनेक वर्षांत ते तसे आले नव्हते, हीच चळवळीची उणीव होती. तुरुंगात आजारी पडलेली वल्लिअम्मा ही कोवळ्या वयाची तमिळ मुलगी फेब्रुवारी १९१४ मध्ये मरण पावली.

अखेर १९१४ साली इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट मंजूर झाला. तीन पौंडांचा कर थकबाकीसह रद्द झाला. धार्मिक रीतीने झालेल्या एकपत्नी विवाहास मान्यता मिळाली व धर्मगुरूंना विवाह अधिकारी नेमण्याची तरतूद झाली. तसेच अधिवासाच्या दाखल्यावरील अंगठा जुळला की तो दाखला हक्काचा अखेरचा पुरावा मानावा असे ठरले. केपटाऊनच्या बंदरात उतरणाऱ्या आपल्या माणसाला या शेवटच्या कलमाचे मोल काय वाटले असेल!

जे राहून गेले

इतिहास लिहिताना यशाबरोबर अपयशही लिहावे. व्यापाराचे परवाने, जमिनीची मालकी, एका प्रांतातून दुसऱ्यात जाण्याची बंदी, ऑरेंज फ्री स्टेटमधील मज्जाव, हे सारे तसेच राहिले. भारतातून नव्याने जाण्याचा मार्ग १९१३ च्या कायद्याने जवळपास बंदच झाला. या लढ्यात तेथील मूळ आफ्रिकी लोकांना स्थान नव्हते, हेही कबूल केले पाहिजे. त्यांच्यावर पासाचे कायदे त्याहून कठोर होते. आपला हक्क मागताना शेजाऱ्याचा हक्क विसरला, तर लढा अर्धाच राहतो. ही चूक पुढच्या पिढीने सुधारली. मार्च १९४७ मध्ये डॉ. युसुफ दादू व डॉ. नायकर यांनी आफ्रिकी नेते डॉ. झुमा यांच्याबरोबर सहकार्याचा करार केला. काछलियांचे पुत्रही त्या व्यापक लढ्यात उतरले. वर्णद्वेषी राजवट १९९४ साली संपली.

निकाहाचा प्रश्न तर त्याहूनही लांबला. मुस्लिम विवाहांना व घटस्फोटांना कायद्याची मान्यता नसणे घटनाविरोधी आहे, असा निकाल दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २८ जून २०२२ रोजी दिला. एका स्त्रियांच्या कायदा संस्थेने तो दावा चालविला होता. बाई मरियमच्या निकालानंतर एकशे नऊ वर्षांनी हे घडले!

आपण काय घ्यावे?

१८९३ साली प्रिटोरियात असताना गांधीजी तीन हिंदी लोकांना इंग्रजी शिकवायला त्यांच्या कामाच्या ठिकाणी जात. त्यांपैकी दोघे मुसलमान होते, एक न्हावी व एक कारकून. तिसरा छोटा दुकानदार होता. गिऱ्हाईक आले की शिक्षक थांबून राहत असे. आठ महिन्यांत दोघे जमाखर्च लिहिण्याइतके व साधे व्यापारी पत्र लिहिण्याइतके तयार झाले. शिक्षण हे हक्काचे पहिले हत्यार आहे, याचे याहून साधे उदाहरण मला ठाऊक नाही.

आजही आपल्या वस्तीतून माणसे बाहेरदेशी जातात. आपल्याकडे १९८३ साली परदेशी नोकरीस जाणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याखाली नोकर भरती करणाऱ्या एजंटाने नोंदणी करणे बंधनकारक ठरले. ठरावीक देशांत नोकरीस जाताना कमी शिकलेल्यांना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ती लागत नाही. म्हणजे भाषेच्या परीक्षेची जागा आता दहावीच्या गुणपत्रिकेने घेतली आहे. मुलाला नववीतून काढून पासपोर्टाच्या रांगेत उभे करणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

जन्माचा दाखला, निकाहनामा, शाळेचा दाखला यांतील नावे एकसारखी असावीत. करार सही करण्यापूर्वी आपल्या भाषेत समजावून घ्यावा व त्याची प्रत घरी ठेवावी. एजंटाचा शब्द कागदावर घ्यावा. स्मट्ससारख्या मोठ्या माणसाचा तोंडी शब्दही जिथे टिकला नाही, तिथे दलालाची काय कथा! आणि आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी डॉक्टर-इंजिनिअरांच्या जोडीला कायद्याच्या शिक्षणाकडे वळावे. वस्तीत एक जरी वकील असा निघाला, जो परक्या देशाचे कलम वाचून शेजाऱ्याला मराठीत व उर्दूत समजावून सांगेल, तर कितीतरी घरांतील रडारड वाचेल.

याच न्यायाने दुसरी बाजूही पाहावी. आपल्या गावात पोटासाठी परप्रांतातून आलेला मजूर असतो. त्याच्याकडेही कागद कमी असतात आणि तोही एखाद्या दलालाच्या हाती असतो. परमुलुखात आपल्या माणसाला न्याय मिळावा असे वाटत असेल, तर आपल्या उंबऱ्याशी आलेल्याला तो प्रथम आपण दिला पाहिजे.

हमीदिया मशिदीच्या आवारात त्या दिवशी दोन हजारांवर कागद जळले. ते कागदाच्या तिरस्काराने जळले नाहीत. त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्या लोकांना नीट समजले होते, म्हणून जळले. हे समजणे आपल्या मुलांना यावे, याचसाठी या शाळा आहेत.